पियानोवर माळरान कसं वाजतं? ('प्लेन्स' आणि माझी फसलेली ओवी)

माणगंगा (शनिवार, रात्री ११:२०)

मंडळी, प्रश्नाला थोडं लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी मूळची आटपाडीची, आता पुण्यात वारज्याला. लेकीसाठी सात वर्षांपूर्वी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला होता. दहावीपर्यंत ती बसली. मग क्लास, मग इंजिनिअरिंग, आणि पियानोवर इस्त्रीला द्यायचे कपडे. मागच्या दिवाळीत ते कपडे उचलले आणि मीच बसायला लागले. वय ५२. आमचे दादा (वडील) भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यामुळे पट्ट्या ओळखीच्या आहेत. पण डावा हात भाता मारण्यासाठी असतो हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की पियानोवर तो नुसता लोंबत राहतो. काय करायचं त्याचं, सुचतच नाही.

उन्हाळ्यात भाचा अमेरिकेहून आला, येताना जुन्या सीडींच्या दुकानातून एक सीडी घेऊन आला. जॉर्ज विन्स्टन, 'प्लेन्स', १९९९. नुसता पियानो, दुसरं एकही वाद्य नाही. घरात सीडी लावायला काही उरलेलं नाही, पण आमच्या जुन्या गाडीत प्लेअर अजून चालतो. म्हणून गावी जाताना लावली. जेजुरी, लोणंद, फलटणपर्यंत ट्रक आणि हॉर्न, काही ऐकू आलं नाही. मोगराळे घाट चढून वर आलो, दहिवडीकडचा माळ सुरू झाला आणि तेव्हा कानावर पडलं. दोन सूर, मग बराच वेळ काही नाही, मग तेच दोन सूर थोडे खाली. बाहेर तसंच. एक बाभूळ, मग बराच वेळ काही नाही, मग मेंढरं.

मागच्या सीटवर आई होती (७८). गोंदवल्यापर्यंत तिने ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "गानारं कवा येनार?" तिला वाटलं हे नुसतं आधीचं वाजवणं चाललंय.

तर प्रश्न असे:

हा माणूस स्वतःच्या वादनाला 'ग्रामीण लोकपियानो' म्हणतो असं वाचलं. पण सीडीवर बघावं तर एक आयरिश हार्पची चाल, एक हवाई बेटांवरची, एक कंट्री गायकाचं गाजलेलं गाणं. मग यात लोकसंगीत नेमकं कुठलं? कुणाचं?

आणि खरा प्रश्न. मी आईची जात्यावरची एक ओवी पियानोवर बसवायला घेतली. चार-पाच सुरांत संपते बिचारी. उजव्या हाताने सूर बरोबर आले. डाव्या हाताला काम म्हणून यूट्यूबवर शिकलेले कॉर्ड लावले, सी, एफ, जी. झालं! शाळेची प्रार्थना झाली. ऐकून पोरं उंचीप्रमाणे रांगेत उभी राहतील अशी. चाल तीच, सूर तेच, पण ओवी गेली. त्या माणसाचं माळरान पियानोवर राहतं आणि माझी ओवी राहत नाही, असं का?

बेसूर_नागपूर (शनिवार, रात्री ११:५२)

स्पष्टच लिहितो, राग मानू नका. हे लिफ्टमधलं संगीत आहे. दंतवैद्याकडे खुर्चीत आडवं केल्यावर हेच लागलेलं असतं. 'न्यू एज' नावाच्या कप्प्यात ज्याला काही म्हणायचं नाही ते सगळं घालतात. १९८२ ची त्याची 'डिसेंबर' अमेरिकेत तीस लाखांवर खपली, म्हणजे किती दंतवैद्य आहेत बघा.

ओवीचं म्हणाल तर ओवी जात्यावरच राहू द्या. पियानोवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, विषय संपला.

बिलिंग्जकर (रविवार, सकाळी ७:०५)

बेसूरराव, 'न्यू एज' हा शब्द त्यालाही आवडायचा नाही, तेव्हा तुमचं भांडण त्याच्याशी नाहीच.

मी अडीच वर्षं माँटानात, बिलिंग्जला नोकरीला होतो. सध्या नाशिक. विन्स्टनचा जन्म १९४९ चा, मिशिगनमधला, पण लहानपण बरंचसं पूर्व माँटानात गेलं, त्यातलं काही माइल्स सिटीत. बिलिंग्जहून पूर्वेला सव्वादोनशे किलोमीटरवर, टंग नावाची नदी यलोस्टोनला मिळते तिथलं हे गाव. मी तिथे तीनदा गेलोय, तिन्ही वेळा कामाला. बघायला म्हणून कोणी जात नाही.

माँटाना आपल्या महाराष्ट्राहून मोठं आहे आणि माणसं सगळी मिळून अकरा लाखांच्या आसपास. आपल्याकडे माळरान म्हटलं तरी टेकाडावर एक देऊळ असतं, एसटीचा थांबा असतो, निदान टॉवर तरी. तिथे रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना काटेरी तार आणि तारेपलीकडे पिवळं गवत, एवढंच. झाडं फक्त नदीच्या कडेने. कोळशाची मालगाडी दिसते, डबे मोजून कंटाळा येतो, आणि तिचा आवाज मागाहून येतो, तोही वाऱ्याची मर्जी असेल तर. 'प्लेन्स' या शीर्षकाच्या तुकड्याला कंसात 'ईस्टर्न माँटाना ब्लूज' असं नाव आहे. ते ऐकताना मला दर वेळी ती गाडी आठवते. सूर वाजतो एकीकडे आणि येतो दुसरीकडून.

त्याच सीडीवर 'बिफोर बार्ब्ड वायर' नावाचा तुकडा आहे बघा. काटेरी तारेचं पेटंट १८७४ चं. ती तार येईपर्यंत तिथलं गवत कुणाच्या बापाचं नव्हतं, गुरं मोकळी फिरायची. तुमच्याकडच्या मेंढपाळांना हे नाव समजावून सांगायला लागणार नाही.

त्याला एकदा प्रत्यक्ष ऐकलंय. हा माणूस स्टेजवर मोजे घालून आला, बूट नाहीत! वाजवताना पायाने ठेका धरायचा, त्याचा ठोका लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. दाराशी खोके ठेवलेले, येताना डबाबंद खाणं आणा, गावातल्या गरजूंसाठी जाईल, असं आधीच कळवलेलं. हे तो सगळीकडे करायचा. मधेच उठून उभा राहिला, डावा हात पियानोच्या पोटात घालून तारा दाबून धरल्या आणि उजव्या हाताने पट्ट्या वाजवल्या. आवाज कसा, तर ओल्या लाकडावर टिचकी मारल्यासारखा. मग पियानो सोडून गिटार घेतली, हवाईकडच्या पद्धतीची, तारा सैल करून लावलेली. मग माउथऑर्गन. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने बायकोला विचारलं की पियानोवाला परत कधी येणार. तुमच्या आईंचा प्रश्न वाचून तेच आठवलं.

२०२३ च्या जूनमध्ये गेला तो, ७४ वर्षांचा होऊन.

पायपेटी (रविवार, दुपारी ४:३०)

माणगंगाताई, मी पेट्या दुरुस्त करतो आणि गेली तीसेक वर्षं पियानोही लावतो. पुण्यात पियानो किती असणार म्हणाल, पण कॅम्पातल्या बंगल्यांतून अजून निघतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात आणि मग आमची आठवण होते. मागच्या भाद्रपदात एक उघडला तर हातोड्यांचं फेल्ट कुरतडून उंदरीणबाईंनी आत बाळंतपण उरकलेलं. असो.

तुमच्या ओवीची प्रार्थना का झाली ते सांगतो. त्यात तुमचा दोष निम्माच आहे. बाकीचा निम्मा गंधाराचा, म्हणजे 'ग' या सुराचा.

पियानो आणि आजची पेटी, दोन्ही सारख्या अंतरांवर लावतात. सप्तकाचे बारा सारखे तुकडे, प्रत्येक तुकडा १०० सेंट (सेंट म्हणजे सुरांतलं अंतर मोजायचं माप). यात पंचम (प) जवळजवळ खरा लागतो, फक्त २ सेंट उतरलेला, तो कुणाच्या कानाला कळत नाही. पण शुद्ध गंधार १४ सेंट चढा येतो. तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्याच्यापेक्षा इतका वर. तुमच्या आई ओवी म्हणतात तेव्हा त्यांचा गंधार तंबोऱ्याच्या बाजूचा असणार, किंवा आणखी कुठे तरी खाली, बायकांच्या गळ्याचा स्वतःचा. आता तुम्ही सी कॉर्ड लावता म्हणजे काय करता? सा, ग, प. तो चढा गंधार डाव्या हाताने ठासून खाली ठेवता आणि वरच्या ओवीला सांगता, हं, आता हिच्यावर उभी राहा. ती बिचारी सावधान होऊन उभी राहते.

(याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दारातून आत घेतलं नव्हतं. त्यात आणखीही राजकारण होतं. पण त्या काळात साथीच्या पेटीवाल्यांचे जे हाल झाले ते आमच्या गुरुजींकडून ऐकलेत, आणि मी ते विसरलेलो नाही.)

तेव्हा पहिलं काम, डाव्या हातातून गंधार काढून टाका. फक्त सा आणि प. तेही जड वाटलं तर एकटा खर्ज, म्हणजे खालचा, सा. वाजवा आणि धरून ठेवा.

दुसरं, उजवीकडचं पेडल. ते दाबलं की सगळ्या तारांवरचे दाबे एकदम उचलले जातात. खऱ्या पियानोत सव्वादोनशेच्या वर तारा असतात. तुम्ही एक वाजवलीत की तिच्या नात्यातल्या बाकीच्या आपोआप थरथरतात. तो विन्स्टन दोन सूर वाजवून थांबतो ना, तो थांबलेला नसतो. आपण उठवलेल्या तारा ऐकत असतो. तुमच्या डिजिटल पियानोत 'स्ट्रिंग रेझोनन्स' असं काही सेटिंग आहे का बघा. असलं तर पूर्ण वर घ्या. त्यात लावलेली ती हॉलची घुमक मात्र बंद करा, त्याने माळाचं लग्नकार्यालय होतं.

तिसरं, बेसूरराव म्हणतात ती मींड. खरंय, पियानोवर नाही निघत. पण पियानोवाल्यांनी त्यावर तोड काढलीय. कोमल आणि शुद्ध गंधार दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकदम दाबायच्या आणि कोमल लगेच सोडायचा, काळ्या पट्टीवरून बोट घसरून पांढरीवर पडल्यासारखं. कान मधली जागा स्वतः भरून घेतो. न्यू ऑर्लिन्सचे काळे पियानोवादक यात उस्ताद, प्रोफेसर लाँगहेअर, जेम्स बुकर ही मंडळी. विन्स्टनने सत्तरच्या दशकात वाजवणं जवळपास सोडलं होतं, लाँगहेअर ऐकला आणि परत बसला. त्याला दंतवैद्याकडचा म्हणणाऱ्यांनी त्याचा डावा हात ऐकावा. तो हात लिफ्टमध्ये शिकलेला नाही.

बेसूर_नागपूर (रविवार, दुपारी ४:५८)

काका, उंदरीणबाईंबद्दल वाचून अर्धा राग गेला. लाँगहेअर लावून बघतो. लिफ्टबद्दलचं मत तूर्त राखून ठेवतो.

तीव्र_मध्यम (रविवार, रात्री ९:४०)

पायपेटीकाकांनी पेडलबद्दल जे लिहिलंय त्याला जोडूनच एक गोष्ट सांगायची आहे, ताईंच्या दोन्ही प्रश्नांना लागू पडणारी. मी व्हायोलिन शिकले. पियानो येत नाही, पण हे ऐकणं बरंच झालंय.

नॉर्वेत हार्डांगर फिडल म्हणून वाद्य आहे. व्हायोलिनसारखंच, पण वाजवायच्या चार तारांच्या खाली आणखी चार-पाच तारा. त्यांना गज लागत नाही, त्या नुसत्या गुंजतात. आपल्या सारंगीच्या तरफा म्हणा ना! लग्नात, नाचाला हेच वाद्य. तिकडच्या तेलेमार्क भागात क्नूत डाले नावाचा वादक होता. त्याच्याकडे जुन्या वादकांकडून आलेल्या चाली होत्या, त्यातही मिलरगुतेन म्हणून एकोणिसाव्या शतकात दंतकथा होऊन बसलेला वादक होता, त्याच्या. मिलरगुतेन म्हणजे गिरणीवाल्याचा पोरगा. क्नूत डालेला वाटायला लागलं की आपण गेलो की हे संपलं. त्याने १८८८ साली संगीतकार एडवर्ड ग्रीगला पत्र लिहिलं. त्या वेळी काही झालं नाही. बारा-तेरा वर्षांनी पुन्हा जमून आलं. १९०१ मध्ये योहान हाल्वोर्सन या व्हायोलिनवादकाने म्हाताऱ्याला समोर बसवून चाली उतरवून घेतल्या, आणि त्यावरून ग्रीगने पियानोसाठी सतरा तुकडे केले. 'स्लोतर', ओपस ७२, छापले १९०३ मध्ये.

आता गंमत. ग्रीग म्हणजे तोवर गोड गोड वाजवणारा, प्रत्येक घरातल्या पियानोवर असणारा संगीतकार. यात मात्र डाव्या हातात सुटे पंचम, एकमेकांना टोचणारे सूर, धरून ठेवलेला खर्ज. का? कारण फिडलच्या खालच्या तारा गुंजतात तेव्हा त्या वरच्या चालीशी गोड वागतातच असं नाही. चाल पुढे जाते, गुंजणारा सूर मागे राहतो, आणि दोघांची टक्कर होते. ग्रीगने ती टक्कर साफ केली नाही, लिहून ठेवली. आणि चालींमध्ये तीव्र मध्यम येतो, जिथे युरोपच्या कानाला शुद्ध हवा असतो. तोही तसाच ठेवला. (माझं टोपणनाव तिथूनच आलंय. लोकांना वाटतं यमन.)

शिवाय एक काम असं केलं जे मला सगळ्यात थोर वाटतं. पियानोच्या तुकड्यांबरोबरच हाल्वोर्सनने उतरवलेल्या मूळ फिडलच्या चालीही त्याच वेळी छापायला लावल्या. म्हणजे कुणालाही ताडून बघता यावं, मी काय घेतलं आणि काय केलं.

ऐकायचं असेल तर आयनार स्टेन-नोक्लेबर्ग पियानोवर आणि क्नूत बुएन फिडलवर असं एक ध्वनिमुद्रण आहे. फिडलवरची मूळ चाल आणि ग्रीगचा पियानो, दोन्ही एकाच ठिकाणी. शेवटचा, सतरावा तुकडा मुद्दाम ऐका. त्यामागची गोष्ट अशी की किव्लेच्या दरीत तीन पोरी डोंगरावर शिंगं वाजवत होत्या, खाली चर्चमध्ये प्रार्थना चालू होती, आणि लोक प्रार्थना सोडून बाहेर येऊन पोरींचं ऐकत उभे राहिले. पाद्रीबुवांनी शाप दिला, पोरी दगड झाल्या. ताई, तुमच्या ओवीच्या बाबतीत उलट झालंय. तुमच्यात प्रार्थना जिंकली.

तर 'लोकसंगीत कुणाचं' याचं माझं उत्तर. विन्स्टन कुठल्याही एका गावच्या चाली घेत नाही, खरंय. पण त्याने गिटारवाल्यांची, फिडलवाल्यांची वाजवण्याची रीत घेतलीय. मोकळी तार गुंजू द्यायची, तिच्यावर कॉर्डचं पांघरूण घालायचं नाही. त्याची १९७२ ची पहिली रेकॉर्डही जॉन फाही या गिटारवादकाच्या कंपनीने काढली होती, तो काही योगायोग नसावा. चाल कुठूनही येऊ दे, तिच्या खाली काय ठेवतोस यावर ती गावची राहते की शहरात येते ते ठरतं.

बार्टोकबद्दल लिहिणार होते, पण झोप आलीय. तो तर मेणाच्या नळकांड्यांवर आवाज उतरवून घेणारं यंत्र घेऊन हंगेरी-रुमानियाच्या खेड्यांत फिरला होता, आणि त्याच्या पियानोच्या छोट्या तुकड्यांत कितीतरी असे आहेत की तुम्हाला आजही वाजवता येतील. 'फॉर चिल्ड्रन' शोधा. पोरांसाठी म्हणून लिहिलेलं आहे, लाजू नका.

बिलिंग्जकर (रविवार, रात्री १०:१५)

यादीत भर, एकल पियानो नाही तरी. स्वीडनचा यान योहानसन, १९६४ ची 'जाझ पो स्वेन्स्का'. पियानो आणि सोबत फक्त बास, सगळ्या स्वीडिश लोकचाली. इतका कमी वाजवतो की पहिल्यांदा मला वाटलं सीडी अडकलीय.

माणगंगा (पुढचा शनिवार, रात्री १०:४५)

सगळ्यांचे आभार. आठवडाभर गप्प होते कारण वाजवत होते.

काका, 'स्ट्रिंग रेझोनन्स' सापडलं. मेनूत चौथ्या पानावर, सात वर्षांत कुणी तिकडे फिरकलं नव्हतं. हॉलची घुमक बंद केली. गंधार काढला. पहिल्या दिवशी फारच उघडं वाटलं, अंगावर पदर नसल्यासारखं. दुसऱ्या दिवशी सवय झाली. काळीवरून पांढरीवर घसरायचं अजून जमत नाही, दहातून दोनदा. पण ते दोनदा आई मान वर करते, म्हणजे कुठे तरी लागतंय.

तीव्रमध्यम, सतरावा ऐकला. पोरी दगड झाल्या ते वाईट झालं. पहिल्या तुकड्यातलं फिडल मात्र मला गावच्या लग्नातल्या सनईजवळ घेऊन गेलं, आणि त्यानंतरचा पियानो ऐकून पहिल्यांदा कळलं की डावा हात भातासुद्धा होऊ शकतो. सूर द्यायचा नाही, वारा द्यायचा. दादांचा डावा हात तेच करत होता की!

मग काल रात्री आईला नीट बसवून ओवी वाजवून दाखवली. डाव्या हाताने खर्ज सा, लयीत, घरघर आल्यासारखा, पेडल दाबून. उजव्या हाताने ओवी. प्रार्थना अजिबात झाली नाही. मला वाटलं जमलं.

आई म्हणाली, "चाल हाय. पर जातं रिकामं फिरतंय की गं. वैरन कुठंय?"

मी तोंडाकडे बघत राहिले. मग तिने डायनिंग टेबलवर स्टीलची वाटी पालथी घातली, उजव्या हाताने खुंटा धरल्यासारखी धरली आणि फिरवायला लागली. डाव्या हाताची मूठ. तीन-चार फेरे झाले की मूठ वाटीवर जायची आणि दाणे सोडल्यासारखी उघडायची. सोबत ओवी म्हणत होती, हळू. आणि मला दिसलं, म्हणजे ऐकू आलं. मूठ उघडली की लगेच वाटी जड व्हायची. खरी नाही, तिच्या हातातली. सूर तिथे दाबला जायचा, ओळ ओढली जायची. मग दाणे सरत आले की जातं हलकं, ओळ सुटून पुढे पळायची, शेवटचं 'गं बाई' तर जवळजवळ हसत. मग पुन्हा मूठ, पुन्हा जड. माझा डावा हात मात्र घड्याळासारखा, पहिल्यापासून शेवटपर्यंत एक वजन.

चाळीसेक वर्षं झाली असतील तिला जात्यावर बसून. वाटी फिरवताना एकदाही टेबलावरून घसरली नाही.

मी वही घेतली आणि विचारलं, "एका ओवीला वैरण किती वेळा घालायची? कुठल्या शब्दावर?"

तिने वाटी थांबवली. म्हणाली, "जोंधळं का बाजरी?"